उत्तरेची पन्हाळ

सासूबाईंना घेऊन कैलासाला जायचं काम माझ्याकडे कसं आलं, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी माझ्या भक्तीचं कौतुक करणार नाही. माझी बायको नंदा हॉस्पिटलात नर्स आहे. तिला सलग महिनाभर रजा मिळेना, शिवाय वेल्सच्या टेकड्यांवरही तिला गाडीत मळमळतं. तिला भाऊ नाही. राहिलो मी, मिल्टन कीन्समध्ये कॉम्प्युटरपुढे बसून पोट वाढवलेला, देवाशी लांबून नमस्कार करण्याइतपतच ओळख असलेला जावई.

कैलास हे खरं तर माझ्या सासऱ्यांचं, आप्पांचं वेड. लेस्टरच्या होजिअरी कारखान्यात त्यांनी जन्म काढला आणि रिटायर झाल्यावर दोघांनी मिळून कैलासाला जायचं ठरवलं होतं. त्या पर्वताचं चित्र त्यांनी फ्रिजवर मॅग्नेटने लावून ठेवलं होतं. ते तिथेच राहिलं आणि एका हिवाळ्यात आप्पा गेले. वर्ष उलटल्यावर सासूबाईंचा फोन आला. "श्रीकांतराव, मी कैलासाला जायचं म्हणते. माझी आणि ह्यांची, दोघांची प्रदक्षिणा पुरी करायची आहे." गॅसचं बिल भरायचं आहे, अशा आवाजात त्यांनी हे सांगितलं. वय, ब्लडप्रेशर, उंचीवरची हवा असे सगळे मुद्दे मी काढले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि ट्रॅव्हल एजंटाचा नंबर विचारला.

तिसरी आमची मुलगी इरा. ती ब्रिस्टलला प्राणिशास्त्र शिकत होती. तिला ना कैलासाचं काही होतं, ना आमचं. तिला रानगाढवं बघायची होती.

आता लेस्टरच्या देवळाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ते पूर्वी मोज्यांचं गोदाम होतं. आता तिथे राम, अंबा, गणपती सलोख्याने नांदतात आणि फायर एक्झिटच्या दाराशेजारी शंकराची पिंडी आहे. पिंडीवरचं पाणी बाहेर जायला उत्तरेकडे पन्हाळ लागते. लेस्टरात ती पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपाची आहे आणि तिच्या तोंडाशी बादली. शंकराची प्रदक्षिणा या पन्हाळीपर्यंतच करायची, ती ओलांडायची नाही, आल्या वाटेने मागे फिरायचं, ही आपल्याकडची रीत. इंग्लंडात वाढलेल्या पोरांना ती कुठून ठाऊक असणार? ती आपली गरगर फिरतात. म्हणून दर सोमवारी सासूबाई पाइपाशेजारी खुर्ची टाकून बसायच्या, शाळेपुढे गाड्या अडवणाऱ्या लॉलीपॉप लेडीसारख्या. कोणी पाय उचलला, की "ओलांडू नकोस!" असा आवाज यायचा. इराने लहानपणी तो ओरडा पुष्कळदा खाल्ला आहे.

निघायच्या दिवशी देवळातली मंडळी बेल्ग्रेव्ह रोडच्या फुटपाथवर नारळ घेऊन जमली. "मालतीबेन, परिक्रमा पूरी करून या हं," शेजारच्या शांताबेन म्हणाल्या. त्यांचं मराठी शेजारात शिकलेलं. "पुरी केल्याशिवाय येते कशाला," सासूबाई म्हणाल्या. आप्पा कारखान्यात चहा न्यायचे तो जुना थर्मास त्यांनी पिशवीत घेतला होता. त्यातून त्या देवाचं तीर्थ आणणार होत्या.

काठमांडूला आमची तुकडी जमली. आम्ही तिघं आणि लंडन, बर्मिंगहॅमची काही गुजराती कुटुंबं. आमचा म्होरक्या पेम्बा, मध्यम वयाचा शेर्पा, हिंदी बोलणारा आणि फारसं न हसणारा. पहिल्याच सभेत त्याने सांगितलं, की वर गेल्यावर प्रत्येकाच्या बोटाला तो रोज चिमटा लावेल, त्यावर रक्तातला ऑक्सिजन दिसेल आणि आकडा खाली गेला तर त्या माणसाने खाली जायचं. "वहाँ मेरी नहीं, उँगली की चलेगी." सासूबाईंनी आपलं बोट उलटसुलट करून पाहिलं.

सरहद्दीपर्यंतचा रस्ता हिरवागार. भोटेकोशी नदी खाली फेस काढत धावत असते आणि डोंगरावरून धबधबे थेट बसच्या टपावर पडतात. पूल ओलांडला, की चीन. तिथून लँडक्रूझर आणि दोन दिवसांत झाडं संपली. संपली म्हणजे अगदीच. न्यालम नावाच्या गावात हवेची सवय व्हावी म्हणून मुक्काम होता. जिना चढलो तर मला धाप लागली आणि सासूबाई वरच्या पायरीवरून म्हणाल्या, "सावकाश या, घाई नाही." तिथे थुक्पा (नूडल्सचं रस्सेदार कालवण) खाल्लं. लोण्याचा खारट चहा मला जमला नाही. सासूबाईंनी मात्र दुसऱ्यांदा मागितला. "चहा म्हणून प्यायलात तर वाईट लागेल. कढण म्हणून प्या," त्या म्हणाल्या. तसा प्यायलो, तर खरंच बरा लागला.

न्यालमच्या पुढे लालुंग ला (ला म्हणजे खिंड) चढून वर आलो आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पठार पाहिलं. शब्द ठाऊक होता, वस्तू पाहिली नव्हती. पिवळ्या, तांबूस, राखाडी रंगांची जमीन नजर पोचेल तिथवर पसरलेली आणि तिच्या कडेला बर्फाच्या शिखरांची रांग. आकाश इतकं गडद निळं, की इंग्लंडात त्या रंगाचं आकाश मी फक्त जाहिरातीत पाहिलं होतं. माझ्यासारख्या माणसालाही हात जोडावेसे वाटले. गाडीत जागा नव्हती म्हणून जोडले नाहीत.

पुढच्या मुक्कामाच्या, पारयांग गावाच्या वाटेवर एक प्रकार झाला. सासूबाईंनी घरून चिवडा आणला होता. प्लास्टिकच्या पिशव्या मेणबत्तीवर चिकटवून त्यांनी असं सील केलं होतं, की मुंगी शिरणार नाही. हवा बाहेर पडणार नाही, हे ओघानेच आलं. उंचीवर बाहेरची हवा विरळ होत गेली तशा त्या पिशव्या मागच्या सीटवर फुगत गेल्या, उशीएवढ्या झाल्या आणि एका वळणावर फट्‌दिशी मोठा आवाज झाला. ड्रायव्हरला वाटलं टायर गेला. त्याने करकचून ब्रेक मारला, उतरला आणि चारी चाकं लाथा मारून तपासली. आम्ही आत शेंगदाणे आणि कढीपत्ता अंगावर घेऊन बसलो होतो.

"बाबा, डोन्ट मूव्ह," इरा एकदम हळू आवाजात म्हणाली. "क्यांग. फुल हर्ड आहे."

क्यांग (तिबेटी रानगाढव) दिसला रे दिसला की गाडीच्या आवाजाने पळतो. पण आमची गाडी इंजिन बंद करून उभी होती. वीस-पंचवीस जनावरं ओढ्याकाठी चरत होती. पाठ तांबूस, पोट पांढरंशुभ्र, पाठीच्या कण्यावरून काळी रेघ. गाढव म्हणवत नव्हतं, अशी डौलदार. त्यातल्या एकाने मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि सगळी एकामागोमाग एका रांगेत धावत सुटली. धुळीचा पट्टा बराच वेळ हवेत होता. इराच्या डोळ्यांत पाणी होतं. "आजी, तुझा चिवडा इज अ जीनियस," ती केसांतले पोहे काढत म्हणाली. सासूबाईंनी उरलेल्या पिशव्यांना सुईने एकेक भोक पाडलं.

मानसरोवर दिसलं ते दुपारच्या उन्हात. गाडी चढावर आली आणि खाली एवढं निळं पाणी, पलीकडे गुर्ला मांधाता पर्वत बर्फाने झाकलेला आणि उत्तरेला लांब एकटाच कैलास. बाकीचे डोंगर तपकिरी आणि हा मधोमध पांढरा, गोलसर, कोणी मुद्दाम आणून ठेवल्यासारखा. सासूबाई गाडीतून उतरल्या आणि त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "फ्रिजवर बरीच लहान दिसायची हो मूर्ती."

काठाच्या दलदलीत इराला काळ्या मानेचे क्रौंच सापडले. तिने दुर्बीण आजीच्या डोळ्यांना लावली. "क्रेन सोड आजी, तो लेफ्टला बघ. बार-हेडेड गीज. ते विंटरला इंडियात जातात. राइट ओव्हर द हिमालया. सीरियसली."

सासूबाई त्या हंसांकडे बराच वेळ पाहत राहिल्या. "डोक्यावर दोन काळे पट्टे? अगं, हे तर आमच्या गावच्या तळ्यावर यायचे थंडीत! हरभऱ्यात उतरायचे आणि आम्ही पोरं डबे वाजवून हाकलायचो त्यांना." त्या दुर्बीण खाली घेऊन माझ्याकडे वळल्या. "श्रीकांतराव, कैलासाहून पाहुणे यायचे आमच्याकडे, आणि आम्ही डबे वाजवले!" त्या खूप दिवसांनी मोकळ्या हसल्या. आप्पा गेल्यानंतर त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

त्या हसण्यातच माझं लक्ष उडालं असावं. पेम्बाने पाण्यात पाय बुडवून यायला परवानगी दिली होती. सासूबाई सरळ कमरेपर्यंत गेल्या आणि तीन बुड्या मारल्या. एक स्वतःची, एक आप्पांची आणि एक नंदाची. बाहेर आल्या तेव्हा दात वाजत होते. आम्ही त्यांना स्लीपिंग बॅगेत गुंडाळलं, मेतकूट घालून गरम भात भरवला. दुसऱ्या दिवशी त्यांना खोकला सुरू झाला.

कैलासाची परिक्रमा तीन दिवसांची. मिल्टन कीन्सच्या माणसाला प्रदक्षिणेचं नावीन्य नाही. ऑफिसात पोचेपर्यंत आमचे डझनभर राउंडअबाउट (वळसा घालायचे गोल चौक) होतात, तेही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. कैलासाचा नियमही तोच. हिंदू आणि बौद्ध दोघेही पर्वत उजव्या हाताला ठेवून चालतात. फक्त बोन (तिबेटातला जुना धर्म) पाळणारे लोक उलट दिशेने येतात. वाटेत जमिनीवर साष्टांग आडवे होत, उठून पुन्हा आडवे होत परिक्रमा करणारे तिबेटी दिसले. कपाळावर धुळीचे गोल झाले होते, चेहरा मात्र सहलीला निघाल्यासारखा. एका बाईने मला जवळ बोलावून मूठभर त्साम्पा (भाजलेल्या जवाचं पीठ) दिलं. मी तिला चिवडा दिला. तिने कढीपत्त्याचं पान बाजूला काढून नीट पाहिलं आणि टोपीत खोचलं.

सासूबाई घोड्यावर होत्या. खोकत होत्या आणि खोकला लपवत होत्या. दोन्ही बाजूंना लाल कडे, मधून नदी, आणि वळणागणिक उजवीकडे तो पांढरा माथा डोकावत होता. संध्याकाळी दिरापुकच्या मुक्कामाला पोचलो तेव्हा त्याची उत्तर बाजू समोर उभी राहिली. सरळ खाली उतरलेला काळा कातळ, माथ्यावर बर्फ, आणि पायथ्याच्या हिमनदीतून निघालेला एक ओढा दगडांवरून उड्या मारत आमच्या मुक्कामाशेजारून वाहत होता. मी आलो होतो सासूबाईंचा हमाल म्हणून. त्या क्षणी मात्र मला स्वतःला पुढची डोल्मा ला खिंड चढायची होती.

सकाळी पेम्बाने सगळ्यांच्या बोटांना चिमटा लावला. सासूबाईंचं बोट त्याने दोनदा तपासलं, मग दुसऱ्या हाताचं तपासलं. त्यांचे ओठ निळसर दिसत होते.

"माताजी, आप नीचे जाएँगी. आज ही."

"घोड्यावर बसून जाते ना."

"डोल्मा ला के उस पार घोड़ा सवारी लेकर नहीं उतरता. और ऊपर कुछ हुआ तो मैं आपको कहाँ ले जाऊँगा?" त्याने चिमटा खिशात टाकला. "उँगली बोल चुकी."

त्यांनी वाद घातला नाही, त्याचाच मला धसका बसला. त्या बाहेर येऊन एका दगडावर बसल्या, थर्मास मांडीवर. मी शेजारी बसलो. समोर गुजराती मंडळी काठ्या टेकत, "हर हर महादेव" म्हणत निघत होती.

"तुम्ही आणि इरा पुढे जा," त्या म्हणाल्या. "मी जाते खाली."

"आई, तुम्हाला एकटीला सोडून मी जातोय होय?"

"मग तिघांचीही अर्धी." त्यांचा आवाज फुटला. "माझं राहू दे हो. ह्यांची अर्धी राहिली. एवढ्या लांब येऊन माझ्यामुळे ह्यांची अर्धी राहिली. लेस्टरला जाऊन काय सांगू मी?"

खोटा धीर देण्याची माझी सवय आहे, पण त्या पर्वतासमोर तो देता येईना. मी त्यांचा हात धरून बसलो. सासूबाईंचा हात मी त्याआधी कधी धरला नव्हता.

इराला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती ओढ्याकाठी होती. पलीकडच्या उतारावर तिला भरल (डोंगरी निळसर मेंढ्या) दिसले होते. कॅमेरा गळ्यात, नजर वर, आणि ओढा ओलांडायला तिने एक पाय दगडावर ठेवला.

"इरा! ओलांडू नकोस!"

तो आवाज लेस्टरचा होता. अगदी तोच, पाइपाशेजारच्या खुर्चीतला. इरा सवयीने जागच्या जागी थांबली. भरल पळाले. सासूबाईंना खोकल्याची उबळ आली आणि ती थांबल्यावर त्या तशाच बघत राहिल्या. इराकडे नव्हे, तिच्या पायाखालच्या पाण्याकडे. तिथून त्यांची नजर ओढ्याच्या उगमाकडे गेली, हिमनदीवर, कातळावर, माथ्यावर.

"श्रीकांतराव," त्या हळूच म्हणाल्या, "ही बाजू कोणती?"

"उत्तर."

"नक्की?"

मी खिशातलं होकायंत्र काढून दाखवलं. त्यांनी चष्मा सारखा करून सुईकडे पाहिलं.

"पिंडी ही. उत्तर ही. आणि पाणी इथून बाहेर पडतंय." त्या उभ्या राहिल्या. "अहो, मग ही पन्हाळ आहे!"

"आई, पण हे सगळे लोक हा ओढा ओलांडूनच पुढे जातात. शेकडो वर्षं जातायत."

"त्यांची रीत त्यांच्यापाशी, मी कोण त्यांना नावं ठेवणार? पण मी इतकी वर्षं लोकांना अडवत आले. आणि आता खुद्द इथे येऊन मी ओलांडू?" गालांवरचं पाणी पुसायचं त्यांना भान नव्हतं. "पन्हाळीपर्यंत यायचं आणि मागे फिरायचं. झाली की हो पुरी. माझी पण, ह्यांची पण."

त्या एकेक पाऊल टाकत ओढ्यापर्यंत गेल्या. इराने त्यांना धरून खाली बसवलं. त्यांनी थर्मास विसळला, वास घेतला, पुन्हा विसळला. "अजून चहाचा वास येतोय ह्यांच्या," म्हणाल्या आणि तसाच भरून घेतला. मग कपाळ ओल्या दगडाला टेकवलं.

"आजी, मी तुझ्याबरोबर मागे येते," इरा म्हणाली.

"तुला ती खिंड बघायचीय ना? जा पेम्बाबरोबर."

"नो वे. तू ओरडलीस, मी थांबली. आता क्रॉस केला तर तू परत ओरडशील."

मला खिंड चुकल्याची खंत वाटली का? वाटली. मागे वळून मी त्या वाटेकडे दोनदा पाहिलं. मग सासूबाईंची पिशवी खांद्याला लावली.

उलट चालताना राउंडअबाउटमध्ये चुकीच्या बाजूने शिरल्यासारखं वाटत होतं. सगळे समोरून येत होते आणि आमच्याकडे कुतूहलाने बघत होते. आमच्या दिशेने चालणारी एकच म्हातारी भेटली. ती बोन होती. आम्ही तिच्यातलेच आहोत असं तिला वाटलं. तिने घोड्याशेजारून चालत सासूबाईंशी तिबेटीत बराच वेळ गप्पा मारल्या आणि सासूबाईंनी मराठीत उत्तरं दिली. दोघींचं काय ठरलं कोण जाणे, पण निरोप घेताना त्यांनी एकमेकींच्या कपाळाला कपाळ लावलं. बिळांच्या तोंडाशी लठ्ठ मार्मोट (डोंगरी खारींसारखे प्राणी) दोन पायांवर उभे राहून आम्हाला बघत होते. जसजसं खाली उतरत गेलो तसा सासूबाईंच्या ओठांचा निळेपणा कमी झाला. पायथ्याच्या दारचेन गावातल्या दवाखान्यात त्यांना एक रात्र ऑक्सिजन दिला आणि सकाळी त्यांनी लोण्याचा चहा मागितला.

लेस्टरला परतल्यावरच्या पहिल्या सोमवारी मी मुद्दाम रजा टाकून देवळात गेलो. मला भीती होती. इथे कोणी अर्धीच परिक्रमा झाली असं बोललं तर? दिरापुकला मिळालेलं समाधान टिकायला पर्वत समोर हवा असतो की काय, असं वाटत होतं.

देऊळ भरलं होतं. सासूबाईंनी आप्पांचा थर्मास उघडला आणि पिंडीवर बारीक धार धरली. कैलासाचं पाणी लेस्टरच्या पाइपातून बादलीत पडायला लागलं. टपटप आवाज सगळ्यांनी ऐकला.

"परिक्रमा पूरी, मालतीबेन?" शांताबेननी विचारलं.

"शंकराची करतात तेवढी केली," सासूबाई म्हणाल्या. "पन्हाळीपर्यंत."

"तिथे पण पन्हाळ आहे?"

"आहे तर. उत्तरेलाच आहे."

शांताबेननी हात जोडले. एवढंच. सासूबाई आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. गर्दी पांगल्यावर मी शेजारी जाऊन, कैलासापासून मनात घोळत असलेला प्रश्न विचारला. "आई, खरं सांगा. तब्येत ठणठणीत असती, तर ओलांडला असतात तो ओढा?"

त्या रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी विचार केला आणि मान हलवली.

"तब्येत ठणठणीत असती तर तो ओढा मला दिसलाच नसता हो, श्रीकांतराव. वर बघत बघत गेले असते पुढे." त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. "ह्यांना दिसला असता. ह्यांना नेहमी खालचं दिसायचं. आणि ह्यांनीच मला हाक मारली असती."

मग त्यांनी हात वर केला, कारण फायर एक्झिटकडून एक पोरगी पाइपाजवळ आली होती आणि तिने पाय उचलला होता.